गळती रामेश्वरी, डागडुजी सोमेश्वरी: कारखान्याच्या सपाट छतावर काय घालावं?

कारखान्याचा स्लॅब गळतो तेव्हा थेंब पडतो पॅनेल रूममध्ये आणि भेग असते चार खांब सोडून पलीकडे. मग कुणीतरी वर जातं, पॅनेल रूमच्या बरोबर डोक्यावर सिमेंट फासून येतं आणि पुढच्या सरीला पुन्हा तोच थेंब. म्हणून वॉटरप्रूफिंग कोणतं घेऊ असं कुणी विचारलं, की दर आणि हमीच्या आधी मी एकच विचारतो: हे उद्या गळलं तर कुठून गळतंय ते सापडेल का? कधीच गळणार नाही असं छत मला कोटेशनमध्येच भेटलं आहे.

पत्र्याच्या उतरत्या शेडबद्दल हे नाही. आरसीसी स्लॅब, नावापुरता उतार, भोवती पॅरापेट (कठडा), वर एसीची युनिट्स आणि पाण्याच्या टाक्या, अशा छतापुरतं बोलू. हिशेबाला सोपं जावं म्हणून छत 10,000 चौरस फुटांचं धरतो, म्हणजे सुमारे 930 चौरस मीटर.

डांबर-फेल्ट: थरावर थर

सपाट छताचा हा जुना आणि एकेकाळचा सर्रास उपाय. स्लॅबवर प्रायमर, त्यावर गरम डांबर, डांबरात बसवलेलं फेल्ट (डांबर मुरवलेली तरटाची किंवा काचतंतूंची चादर), पुन्हा डांबर, जमल्यास पुन्हा फेल्ट, आणि शेवटी बारीक खडी. कंत्राटदार याला सरसकट तारफेल्ट म्हणतात. टेंडरात ‘पाच कोर्स’, ‘सात कोर्स’ असं लिहिलेलं असतं आणि नवखा मालक समजतो की पाच थर फेल्ट मिळणार. तसं नसतं. प्रायमर, डांबर, खडी हे सगळेच कोर्स म्हणून मोजतात. पाच कोर्सांत बहुधा फेल्ट एकच आणि सातांत दोन. सही करण्यापूर्वी फेल्टचे थर किती, हे वेगळं लिहून घ्या.

या पद्धतीचं बळ थरांत आहे. खालच्या थराचा जोड आणि वरच्या थराचा जोड एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत, एवढं पाळलं तर एक जोड सुटला तरी पाणी लगेच स्लॅबपर्यंत जात नाही. खडी उन्हाचा मारा अंगावर घेते. सगळं स्लॅबला घट्ट चिकटलेलं असल्यामुळे पाणी आत शिरलंच तरी फार लांब पळत नाही, म्हणजे माझ्या कसोटीवर हे बऱ्यापैकी उतरतं. अडचण एवढीच की भोक शोधायला आधी खडी झाडावी लागते.

घोडं अडतं ते माणसांपाशी. 85/25 दर्जाचं डांबर दोनशे अंशांच्या जवळपास तापवावं लागतं. खाली भट्टी, वर तिसऱ्या मजल्यावर काम, मध्ये बादल्यांची ने-आण. वर पोचेपर्यंत डांबर निवतं आणि फेल्टला नीट धरत नाही. ते निवू नये म्हणून भट्टी वाजवीपेक्षा जास्त पेटवली तर डांबर करपून ठिसूळ होतं. फेल्ट तरटाच्या पायावरचं असेल आणि कडेने ओल शिरली तर आतलं तरट कुजतं. काचतंतूंच्या फेल्टला ते भय नाही. ज्यांचं काम तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय अशी टोळी हाताशी असेल तर हे छत आजही वाईट नाही. नसेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

टॉर्चची मेंब्रेन: त्याच घराण्यातली

एपीपी मेंब्रेन म्हणजे कारखान्यात तयार होऊन आलेला तोच थर: पॉलिमर मिसळलेलं डांबर, मध्ये पॉलिएस्टर किंवा काचतंतूंचा पाया. रोल 1 मीटर रुंद, 10 मीटर लांब, जाडी 3 किंवा 4 मिमी. खालची बाजू गॅसच्या टॉर्चने वितळवायची आणि उलगडत चिकटवत जायचं. भट्टी नाही, बादल्या नाहीत, जाडी ठरलेली.

पण बेरीज करून बघा. बाजूचा ओव्हरलॅप 10 सेंमी, टोकाचा 15 सेंमी धरला तर आपल्या छताला शंभराच्या वर रोल लागतात आणि जोडांची लांबी अकराशे मीटरच्या पुढे जाते. एकाच थराचं काम असेल तर तुमचं सगळं छत या अकराशे मीटरवर उभं आहे. एखाद्या ठिकाणी टॉर्चवाल्याचं लक्ष फोनकडे गेलं की झालं. म्हणून औद्योगिक छतावर मी 4 मिमीच्या एका थरापेक्षा 3 मिमीचे दोन थर मागतो, वरचा खनिज कणांचा, आणि दुसऱ्या थराचे जोड पहिल्याच्या मधोमध. खर्च वाढतो, मान्य. पण डांबर-फेल्टचं जे खरं शहाणपण, ते यातच टिकतं.

काम चालू असताना बघायचं ते एकच: जोडाच्या कडेने वितळलेल्या डांबराची बारीक सलग रेघ बाहेर आलीय का. रेघ नाही, तिथे थापी घालून बघा. आत गेली तर जोड कच्चा. पेंट शॉप किंवा सॉल्व्हंट साठवणारी जागा शेजारी असेल तर उघड्या ज्योतीचं हे काम परमिटशिवाय आणि अग्निशामक जवळ ठेवल्याशिवाय सुरूच करू देऊ नका. आणखी एक, जे हमखास विसरलं जातं: डांबराला डिझेल आणि तेल चालत नाही. छतावर जनरेटर असेल आणि त्याखाली रोज थोडं डिझेल ठिबकत असेल, तर दोन वर्षांत तिथली मेंब्रेन लोण्यासारखी मऊ झालेली सापडेल. त्याखाली ट्रे हवाच.

कोबा: आपला जुना सोबती

विटांच्या तुकड्यांचा कोबा मुंबई-पुण्याच्या छतांवर इतका रुळलाय की काही मालकांना दुसरं काही असतं हेच पटत नाही. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. स्लॅब ओतताना न दिलेला उतार कोबा देतो, उन्हाची धग थोपवतो, वरून माणसं, ट्रॉल्या, एसीवाले, मोबाइल टॉवरवाले कसेही फिरले तरी त्याला फिकीर नसते. नागपूरजवळच्या बुटीबोरीसारख्या ठिकाणी, जिथे मे महिन्यात काळं छत 65-70 अंशांपर्यंत तापतं, तिथे खालच्या हॉलमधल्या माणसाला हा फरक कळतो.

मात्र वजन. सरासरी चार इंच कोबा आपल्या छतावर पावणेदोनशे टनांच्या आसपास जातो, दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या जवळपास. आता इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक, आयएस 875 बघा: वर माणसं जाणार अशा सपाट छतासाठी चल भार (माणसा-सामानाचा ये-जा करणारा भार) धरतात 1.5 किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलो. तेव्हा मूळ डिझाइनमध्ये कोबा धरलेला नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय तो घालायचा विचारही करू नका. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवणं हा तर शुद्ध वेडेपणा, आणि तो मी तीन ठिकाणी पाहिलाय.

माझ्या कसोटीवर कोबा सपशेल नापास. वरचा पृष्ठभाग कुठे तडकला, की पाणी विटांच्या तुकड्यांमधून मनाला येईल तिकडे फिरतं आणि स्लॅबची भेग सापडेल तिथे खाली उतरतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एका फार्मा युनिटमध्ये आम्ही पॅकिंग हॉलवरचा कोबा दोनदा फोडला. पाणी शिरत होतं जिन्याच्या टॉवरच्या कोपऱ्यातून, पन्नासेक फूट लांब. फोडायचा खर्च वेगळा, राबिट (मलबा) उतरवायचा वेगळा, आणि ब्रेकरच्या हादऱ्याने स्लॅबच्या पोटातलं प्लास्टर खाली मशीनवर पडलं ते आणखी वेगळं.

पीव्हीसी किंवा टीपीओ शीट

थोडक्यात आटोपतो. या प्लॅस्टिकांची 1.2 ते 2 मिमीची शीट, जोड गरम हवेच्या मशीनने वितळवून. पांढरी असते, त्यामुळे कमी तापते; वजन जवळजवळ नाही. स्टीलच्या डेकवर इन्सुलेशन घालून केलेली मोठी गोदामं असतील तर मी हीच घेईन. तेलकट वाफा बाहेर पडणाऱ्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात टीपीओपेक्षा पीव्हीसी बरी. जुन्या डांबरावर मात्र पीव्हीसी थेट टाकायची नाही, मध्ये जिओटेक्स्टाइलचा (कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा) थर लागतो. आणि शीट पूर्ण चिकटवलेली नसली तर तिच्याखालून पाणी कोब्यासारखंच भटकतं. खाली रोज मशीन चालणाऱ्या हॉलवर हा धोका मला नको वाटतो.

पीयू: दिसतं ते सगळं

द्रवरूप पॉलियुरेथेनला जोडच नसतो, हा त्याचा मोठा गुण. पाइप, फाउंडेशन बोल्ट, केबलची भोकं यांनी भरलेल्या छतावर मेंब्रेन कापून बसवणं म्हणजे शिंप्याचं काम. पीयू तिथे ब्रशने सहज फिरतं. झिजलं की डोळ्यांना दिसतं, दिसलं की त्यावरच पुन्हा थर देता येतो. गळती शोधण्यात याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

पण फसवणूकही इथेच सोपी. 1.5 मिमी सुकलेला थर कबूल करून अर्धा मिमी फासला, तरी पहिल्या दिवशी दोन्ही पांढरेशुभ्रच दिसतात. म्हणून हिशेब डब्यांवर ठेवावा. चौरस मीटरला 2 किलो धरलं तर आपल्या छताला 1,860 किलो, म्हणजे 25 किलोचे 75 डबे. रिकामे डबे गेटवर मोजल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नयेत. ओलसर स्लॅबवर पीयूला बुडबुडे येतात. आदल्या संध्याकाळी दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवा, 16 तासांनी उचला. खाली दव दिसलं तर काम पुढे ढकला. ऊन सोसणारा वरचा थर ॲलिफॅटिक प्रकारचा मागा. ॲक्रिलिकचे स्वस्त कोट पीयूच्या नावाखाली खपवले जातात, ते साचलेल्या पाण्यात टिकत नाहीत.

मग घ्यायचं काय?

नवीन आरसीसी इमारत, वर रहदारी बेताची, खाली महागडी मशीन: दोन थरांची मेंब्रेन. उतार स्लॅबमध्येच द्या, शंभराला एक हे किमान, त्याहून जास्त जमला तर उत्तम. जुना कोबा मजबूत आहे पण वरून बारीक चिरा पडल्यात: चिरा भरून, जाळी देऊन पीयू. सतत माणसांची ये-जा आणि स्लॅब भार सोसणारा असेल, तरच कोबा, तोही खाली मेंब्रेन घालून. सोलर बसवणार असाल तर वॉटरप्रूफिंग आधी आणि सगळ्यात टिकाऊ. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं तिथे राहणार, दुरुस्तीसाठी ती उतरवायची तर वॉटरप्रूफिंगपेक्षा तोच खर्च भारी पडतो.

यांपैकी काहीही घेतलंत तरी गळती बहुतेक वेळा मैदानात नसते, कडेला असते. स्लॅब आणि पॅरापेट मिळतात तिथे गोलसर वाटा (कोपरा मसाल्याने भरून केलेली गोलाई) हवा. काटकोनात दुमडलेली मेंब्रेन तिथेच चिरते. ती भिंतीवर किमान 15 सेंमी चढवून खाचेत खोचलेली हवी, नुसती प्लास्टरवर चिकटवलेली नाही. आउटलेटच्या तोंडाशी मेंब्रेन पाइपच्या आत उतरलेली हवी. आणि पॅरापेटला ओव्हरफ्लोचं भोक हवंच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला. तेवढा सोडा, आउटलेट पिशव्यांनी तुंबून नुसतं फूटभर पाणी साचलं तरी आपल्या छतावर पावणेतीनशे टनांहून अधिक वजन येतं. स्लॅब ते सोसेल का, हे त्या रात्री शोधायचं नसतं.

काम संपल्यावर आउटलेट बंद करून दोन इंच पाणी 48 ते 72 तास ठेवा आणि खाली हातात बॅटरी घेऊन फिरा. स्टॅम्प पेपरवरच्या दहा वर्षांच्या हमीपेक्षा पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवलेले बिलाचे दहा टक्के कंत्राटदाराला जास्त लवकर बोलावून आणतात. त्यासाठी काम एप्रिलअखेर हातावेगळं झालेलं बरं. मेच्या शेवटी वळवाच्या सरी सुरू झाल्या की प्रत्येक टोळी तीन साइट एकदम धरते आणि तुमच्या वाट्याला येतो तो संध्याकाळी पाचनंतरचा टॉर्चवाला.