शिखरनिहाय बर्फ-वाऱ्याचा अंदाज: धुळ्यातून वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून मी शिखरानुसार बर्फ, वारा आणि तापमान सांगणारी एक सशुल्क सेवा मोबाईलवर वापरत आहे. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा बहुतेक सेवा त्याच दोन-तीन मॉडेलांच्या, म्हणजे हवामानाचे गणित मांडणाऱ्या संगणकीय प्रणालींच्या, आकड्यांवर चालतात: युरोपीय केंद्राचे ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचे जीएफएस आणि जर्मनीचे आयकॉन. फरक असतो तो मांडणीत, आणि त्याहून अधिक वाचणाऱ्याच्या सवयीत. माझे मत आधीच सांगून टाकतो. हिमालयातील तापमानासाठी ही सेवा विश्वासाची आहे, बर्फ कधी सुरू होईल हे ती बऱ्यापैकी सांगते, किती पडेल हे मात्र जेमतेम सांगते, आणि वाऱ्याचा अंदाज हवेची पातळी स्वतः निवडता आली तरच कामाचा आहे.

खान्देशात राहून बर्फाच्या अंदाजाचे काय काम, असे मला अनेकांनी विचारले आहे. धुळे-जळगावातील ट्रेकरांचे गट वर्षभर साल्हेर, मुल्हेर, तोरणमाळ आणि अस्तंभ्याला जातात आणि डिसेंबर-जानेवारीत त्यांतलेच बरेच जण केदारकंठ्यासारख्या हिवाळी ट्रेकसाठी उत्तराखंड गाठतात, त्यामुळे दोन्हीकडे चालेल असे एकच साधन हाताशी असावे, एवढाच माझा हेतू होता. वाऱ्याचे म्हणाल, तर तो आमच्याकडे सगळ्यांच्याच बोलण्यात असतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागा वाऱ्याने आडव्या होतात, आणि साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर त्याच वाऱ्यावर पवनचक्क्या फिरतात. मी मोबाईल उघडला की साक्रीकडचे एक सहकारी हमखास विचारतात, "भाऊ, वारा कितला शे?" या साध्या प्रश्नाचे उत्तर किती अडचणीचे असते, हे या वर्षात चांगलेच कळले.

अडचण उंचीपासून सुरू होते. जागतिक मॉडेल पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडून हिशेब करते. ईसीएमडब्ल्यूएफच्या मुख्य मॉडेलचा तुकडा सुमारे 9 किलोमीटरचा असतो, तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विकसित केलेली आणि मे 2025 मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम 6 किलोमीटरपर्यंत उतरली आहे. एवढ्या चौकोनात अस्तंभ्याचे 1,325 मीटरचे शिखर, त्याच्या पायथ्याच्या दऱ्या आणि पलीकडचे उतार या सगळ्यांची मिळून एकच सरासरी उंची धरली जाते, आणि ती शिखरापेक्षा बरीच कमी भरते. मग सेवा काय करते, तर उंची वाढेल तसे दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने तापमान कमी करून शिखराचा आकडा दाखवते. तापमानाला ही दुरुस्ती पुष्कळदा लागू पडते. वाऱ्याला असा कोणताही सरळ नियम नाही. डोंगरधारेवर वारा दाबला जाऊन वेग घेतो, खिंडीत तो नळीतून निघाल्यासारखा येतो आणि कड्याच्या आडोशाला त्याच वेळी पान हलत नाही.

यावर मला सापडलेला सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे जमिनीलगतचा वारा सोडून हवेच्या दाबाच्या पातळीवरचा वारा पाहणे. साध्या अंदाजातील वारा मोकळ्या जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा असतो. उलट 850 हेक्टोपास्कलची (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचे एकक, उंचीबरोबर दाब घटतो) पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटरवर असते, म्हणजे 1,567 मीटरच्या साल्हेरच्या माथ्याशी ती जवळजवळ जुळते. पावसाळ्यात साल्हेरच्या परशुराम मंदिराकडे चढताना अंगावर येणारा वारा मी या पातळीच्या आकड्याशी ताडून पाहिला. पायथ्याच्या गावासाठी दिलेल्या आकड्यापेक्षा तो नेहमीच जवळचा निघाला. केदारकंठ्याची उंची सुमारे 3,800 मीटर असल्यामुळे तिथे 700 आणि 600 हेक्टोपास्कल या दोन पातळ्यांच्या मधला वारा धरावा लागतो. 700 ची पातळी सुमारे 3,000 मीटरवर, तर 600 ची 4,200 मीटरच्या आसपास असते. विंडीसारख्या ॲपमध्ये ही पातळी बोटाने सरकवून बदलता येते. मी पैसे भरलेल्या सेवेत मात्र हा पर्याय तीन पडदे आत दडवून ठेवला आहे, आणि ज्याला तो असल्याचेच ठाऊक नाही त्याला तो सापडण्याची शक्यता नाही.

तापमानाची दुरुस्ती कुठे फसते, तेही आमच्याच जिल्ह्यांनी दाखवले. सातपुड्यात मोलगी आणि डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत पहाटे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. या हिवाळ्यात तिकडे मुक्काम केला तेव्हा सकाळी मोटारसायकलच्या सीटवर आणि अंगणातल्या गवतावर पांढरा थर होता, तो नखाने खरवडला की भुगा होऊन पडत होता, आणि त्याच वेळी सेवा त्या ठिकाणी 6 अंश दाखवत होती, तर जवळच्या माथ्यावर त्याहूनही कमी. प्रत्यक्षात माथ्यावर चढून गेल्यावर हवा उबदार लागली. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जड थंड हवा उतारांवरून घरंगळून खोलगट भागात साचते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. उंचीबरोबर तापमान घटतेच असे गृहीत धरणारा हिशेब अशा रात्री उलटा पडतो. शिवाय अंदाजातले तापमान जमिनीपासून सुमारे 2 मीटर उंचीवरच्या हवेचे असते, गवताच्या पात्याचे नव्हे, त्यामुळे आकडा शून्याच्या वर असतानाही जमिनीवर हिमकण दिसू शकतात. सातपुड्यात तंबूत झोपणाऱ्याने वारा शून्य आणि आकाश स्वच्छ असे वाचले, तर दाखवलेल्या तापमानातून आणखी काही अंश वजा करूनच झोपण्याची पिशवी निवडावी.

हिमालयात या सेवेचा खरा फायदा झाला. ती एका शिखरासाठी पायथा, मध्य आणि माथा अशा तीन उंचींचे अंदाज एकाखाली एक देते आणि शून्य अंशाची पातळी, म्हणजे हवा ज्या उंचीवर शून्य अंशाला येते ती उंची, मीटरमध्ये वेगळी दाखवते. बर्फाच्या आकड्याआधी मी हा आकडा पाहतो. बर्फ साधारणपणे या पातळीच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ म्हणूनच पोहोचतो आणि त्याखाली त्याचा पाऊस होतो. शून्याची पातळी 3,000 मीटरवर असेल, तर केदारकंठ्याच्या पायथ्याशी सुमारे 1,900 मीटरवरच्या सांकरी गावात छत्री उघडावी लागते आणि माथ्यावर मात्र ताजा बर्फ साचत असतो. मधल्या मुक्कामावर काय होईल, हे शे-दोनशे मीटरच्या फरकावर ठरते, आणि भिजलेला तंबू हा कोरड्या बर्फापेक्षा मोठा शत्रू आहे.

पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन हिमालयात बर्फ पाडणारी हवामान प्रणाली, येणार की नाही आणि कोणत्या दिवशी, हे तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी खरे ठरले. सेंटिमीटरचे तसे नाही. मॉडेलमधून निघते ते पाणी. त्याचा बर्फ करताना 1 मिलिमीटर पाण्याला 1 सेंटिमीटर बर्फ असे ढोबळ प्रमाण धरतात, परंतु कडाक्याच्या थंडीत पडलेला बर्फ भुसभुशीत असल्याने अधिक जाड साचतो आणि शून्याजवळचा ओला बर्फ दबून बसतो. म्हणून "20 सेंटिमीटर" असे वाचले की मी फक्त "भरपूर" एवढाच अर्थ घेतो.

वाऱ्याच्या बाबतीत केदारकंठ्याची ती पहाट लक्षात राहिली. अंदाजात माथ्यावर उणे 10 अंश, ताशी 40 किलोमीटर वारा आणि सूर्योदयानंतर वारा ओसरण्याची चिन्हे होती. वारा जमेस धरला तर उणे 10 अंश उघड्या कातडीला उणे 21 सारखे लागतात. आमच्या गाईडनेही आदल्या संध्याकाळी माथ्यावरून उडणारा बर्फाचा फरारा पाहिला होता, आणि दोन्ही गोष्टी जुळल्यामुळे त्याने निघण्याची वेळ पुढे ढकलली. तरीही पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी गोठलीच आणि पाणी शेवटी जॅकेटच्या आत ठेवलेल्या बाटलीतून प्यावे लागले. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे 30 आणि 60 या आकड्यांमधला फरक कागदावर दिसतो त्याहून फार मोठा असतो. जून 2024 मध्ये उत्तरकाशीच्या सहस्रताल ट्रेकवर बिघडलेल्या हवामानात कर्नाटकातील चमूतले 9 जण दगावले. उन्हाळा आहे म्हणून वाऱ्याचा रकाना न वाचणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

एक गोष्ट ही सेवा सांगत नाही, आणि वापरणाऱ्याने ती तिच्याकडून अपेक्षूही नये: हिमस्खलनाचा धोका. वारा पडलेला बर्फ उचलून आडोशाच्या उतारावर रचतो, आणि साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावरचा असा थर धोक्याचा असतो. आकाश निरभ्र झाले, सेवेत चांगल्या हवामानाची हिरवी खूण आली, म्हणून उतार सुरक्षित झाला असे होत नाही. त्यासाठी डीआरडीओच्या चंदीगड येथील डीजीआरई या संस्थेच्या सूचना आणि स्थानिक गाईडचा शब्द पाहावा.

अंदाज कधी पाहावा, यालाही महत्त्व आहे. मॉडेलची मोठी गणने जागतिक प्रमाणवेळेनुसार 0 आणि 12 वाजताच्या निरीक्षणांवर होतात, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच आणि संध्याकाळचे साडेपाच, आणि आकडे हाती यायला त्यानंतर काही तास जातात. पहाटे उठून ताजा म्हणून पाहिलेला अंदाज बहुधा आदल्या संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या निरीक्षणांवरचा असतो. मी रात्री झोपण्यापूर्वी पाहतो आणि पडद्याचे छायाचित्र काढून ठेवतो, कारण धडगाव-मोलगीच्या घाटात काय आणि सांकरीच्या पुढे काय, नेटवर्क असेलच याची खात्री नाही. जतन केलेला अंदाज नेटवर्कशिवाय उघडण्याची सोय या सेवेत आहे असे जाहिरातीत म्हटले होते, परंतु माझ्याकडे तो बहुतेक वेळा कोराच उघडला.

सर्वांत निराशा केली ती उन्हाळ्यातील वादळांनी. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर उठणारे गडगडाटी ढग काही किलोमीटरचेच असतात, जागतिक मॉडेलच्या चौकोनात ते नीट मावत नाहीत, आणि ढगातून खाली कोसळणारा वारा दहा मिनिटांत सोसाट्याचा होऊन जातो. ज्या संध्याकाळी रावेरकडे केळी पडली, त्या संध्याकाळी सेवा ताशी 14 किलोमीटर दाखवत होती. अशा वेळी हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि विजांसाठी आयआयटीएमचे दामिनी ॲप, ही दोन्ही फुकट साधने अधिक कामाची ठरली. उन्हाळ्यात लळिंगच्या किल्ल्यावर संध्याकाळी जाणाऱ्यांनी निदान दामिनी तरी उघडून पाहावे.

वर्गणी संपत आली आहे आणि पूर्ण वर्षाची मी पुन्हा भरणार नाही. सह्याद्री आणि सातपुड्यासाठी विंडीवरची 850 ची पातळी फुकटात पुरते. सेवेत तीन महिन्यांची योजनाही आहे, ती डिसेंबरच्या सुरुवातीला घेऊन हिवाळी ट्रेक आटोपले की बंद करेन. तोपर्यंत त्यांनी अस्तंभ्याची यादीतली उंची दुरुस्त केली तर बरे होईल. ती सध्या 900 मीटर दाखवली आहे, म्हणजे शिखराच्या नावाखाली उताराचा अंदाज मिळतो, आणि मी पाठवलेल्या दुरुस्तीला अद्याप उत्तर आलेले नाही.