ब्लाऊजच्या शिलाईचा टॅक्स आणि वाचनालयातलं 'व्हिटा' केंद्र

ग्रीन कार्ड हातात आल्यावर, 2023च्या जानेवारीत मी न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आमच्या भाड्याच्या घरात शिलाईचं काम सुरू केलं. फॉल-पिको, अस्तराचे ब्लाऊज, गणपतीच्या आधी लहान मुलींची खणाची परकर-पोलकी. नवरा गोदामात नोकरीला आहे, त्याच्या पगारातून टॅक्स परस्पर कापला जातो. माझे पैसे मात्र झेलवर (फोनवरून थेट बँकेत) किंवा रोख येतात, त्यातून कोणी काही कापत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही पैसे घेऊन रिटर्न भरून देणाऱ्या एका माणसाकडे गेलो. "कुठून कमाईचा फॉर्म आलाय का? नाही ना? मग हे उत्पन्न दाखवायचंच नाही," असं म्हणून त्याने 250 डॉलर घेतले. मी विश्वास ठेवला. घरी आल्यावर बघते तर रिटर्न तयार करणाऱ्याची सही आणि नंबर असतो ती जागा कोरी. पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्याने सही करणं आणि आपला पीटीआयएन (रिटर्न भरणाऱ्याचा सरकारी नंबर) लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, हे मला वर्षभराने कळलं. तुमचा माणूस सही करायला टाळाटाळ करत असेल तर कागद उचला आणि घरी या.

मार्च 2025 मध्ये मैत्रिणीने जवळच्या सार्वजनिक वाचनालयातल्या 'व्हिटा' केंद्राचं सांगितलं. हा आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याचा, कार्यक्रम आहे. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेले स्वयंसेवक फुकट रिटर्न भरून देतात. त्या हंगामात उत्पन्नाची मर्यादा साधारण 67,000 डॉलर होती. आमचं दोघांचं मिळून साठ हजारांच्या आत, त्यामुळे आम्ही त्यात बसलो. ओळखपत्र, घरातल्या सगळ्यांची सोशल सिक्युरिटी कार्डं, नवऱ्याचा डब्ल्यू-2 (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा वार्षिक फॉर्म), मागच्या वर्षीचं रिटर्न आणि बँकेचे नंबर, एवढं न्यायचं. सहीसाठी नवरा-बायको दोघांनी जायचं.

मी माझी शंभर पानी वहीही नेली. त्यात प्रत्येक ऑर्डर लिहिलेली असते, माप, तारीख, किती मिळाले, अस्तर-हुक-दोऱ्याला किती गेले. समोर एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी वही पान अन् पान वाचली. अस्तर म्हणजे काय ते त्यांना कळेना, म्हणून मी पिशवीतला एक ब्लाऊज उलटा करून आतलं कापड दाखवलं. त्यांनी शिवण बोटाने चाचपून पाहिली आणि मगच तो खर्च साहित्यात धरला. माझी कमाई आणि माझा खर्च इतक्या आदराने कोणी विचारला, हे पहिल्यांदाच घडत होतं.

2024चा हिशेब असा निघाला. जमा 9,600 डॉलर, खर्च 2,100, उरले 7,500. हे शेड्यूल सी वर, म्हणजे रिटर्नमधल्या स्वतःच्या धंद्याच्या फॉर्मवर. निव्वळ कमाई 400 डॉलर किंवा त्याहून जास्त झाली की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (सोशल सिक्युरिटीची पेन्शन आणि मेडिकेअरचा आरोग्य विमा यांच्यासाठीचा) लागतो, फॉर्म येवो न येवो. दर 15.3 टक्के, पण तो कमाईच्या 92.35 टक्क्यांवर. म्हणजे 6,926 वर 1,060 डॉलर. नोकरीत यातला अर्धा वाटा मालक भरतो, इथे मालकही मीच. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, आयकराचे साधारण साडेसहाशे वेगळे. तेही कमी झालेले, कारण त्या 1,060चा अर्धा भाग आणि व्यवसायाच्या उत्पन्नाची 20 टक्क्यांची वजावट आयकर काढताना मिळाली.

आणि स्टेटचा, म्हणजे राज्याचा, टॅक्स? मला वाटायचं फेडरलचंच छोटं पिल्लू असेल. तसं नाही. न्यू जर्सीत सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स नाही, पण फेडरलच्या त्या दोन्ही वजावटीही नाहीत आणि स्टँडर्ड डिडक्शनही (सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) नाही. दर मात्र 1.4 टक्क्यांपासून सुरू होतात, आणि भाड्याचा 18 टक्के भाग प्रॉपर्टी टॅक्स म्हणून धरता येतो. शिलाईमुळे आमचा स्टेटचा टॅक्स दीडशेच्या आसपासच वाढला. शिक्षिकाबाईंनी दोन्ही हिशेब दोन कागदांवर शेजारी शेजारी मांडून दाखवले, म्हणून मला ते आजही तोंडपाठ आहेत.

पुढच्या वर्षी एकदम भुर्दंड पडू नये म्हणून एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या 15 तारखेला हप्ते भरता येतात, फेडरलचे वेगळे, स्टेटचे वेगळे. त्यांनी आम्हाला जास्त सोपा रस्ता दाखवला. नवऱ्याच्या डब्ल्यू-4 वर (पगारातून किती टॅक्स कापायचा ते मालकाला कळवायचा फॉर्म) जादा कपातीची ओळ असते, 4(सी). तिथे दर पगाराला 70 डॉलर लिहिले, आणि स्टेटच्या एनजे-डब्ल्यू4 वर 6. वर्षाला 26 पगार होतात. आता लक्षात ठेवायला एकही तारीख नाही.

या सेवेची हद्दही सांगते. धंद्यात तोटा असेल, घसारा दाखवायचा असेल किंवा घराच्या खोलीची वजावट हवी असेल तर व्हिटात ते होत नाही. माझं मशीन आहे त्या खोलीत दुसरं काहीच चालत नाही. चौरस फुटाला 5 डॉलरची सोपी पद्धत मला लागू पडली असती, ती सोडावी लागली. ती वजावट मोठी असेल तर सही करणारा चांगला सीपीए (परवानाधारक हिशेबनीस) गाठा. आमच्या वाचनालयातल्या वेळा लवकर भरतात, म्हणून जानेवारीतच फोन करा.

रिटर्न पूर्ण झाल्यावर दुसऱ्या स्वयंसेवकाने ते पहिल्यापासून तपासलं. त्याच केंद्रात 2023चं रिटर्नही आम्ही दुरुस्त करून घेतलं आणि व्याज-दंडासकट पैसे भरले. मन हलकं झालं.

निघताना बाईंनी 6,926 या आकड्याभोवती पेन्सिलने गोल केला. म्हणाल्या, सोशल सिक्युरिटीचं एक क्रेडिट 2024 साली 1,730 डॉलरला होतं, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे 6,920. "तुमची चारही झाली." म्हातारपणी स्वतःच्या कमाईवर पेन्शन मिळायला अशी 40 लागतात. दुरुस्तीमुळे 2023ची दोन जमेला आली. एकूण सहा, आणि ती माझ्या नावावर. घरी येऊन मी वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवलं, 6.