‘आमच्या पट्टीला विश्रांती लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर

बंड्या आमचा तीन वर्षांचा कुत्रा. साखळीचा आवाज आला की त्याचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. काचेवर पाय पडून पंजाची गादी चिरली, तेव्हा डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली आणि सांगितलं: दर दोन दिवसांनी पट्टी बदलायला आणा, दोन-तीन आठवडे पळणं आणि उड्या बंद. चौथ्याच दिवशी तो दार ओरबाडत रडायला लागला. मला ते बघवेना.

एका माणसाने नेमकं हेच हेरलं. ‘जखमी कुत्र्यावर घरी येऊन उपचार’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली म्हणून फोन केला. जखम कशी आहे, किती खोल आहे, काही विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, ‘खूप मस्तीखोर आहे का?’ मी हो म्हटल्यावर म्हणाला, ‘मग काळजी सोडा ताई. आमच्या पट्टीला विश्रांती लागत नाही.’ मला जे ऐकायचं होतं तेच त्याने ऐकवलं आणि मी सगळे पैसे आधीच भरले.

आल्यावर त्याने काळपट मलम थापलं आणि चिकटपट्टी करकचून गुंडाळली, बोटांची टोकंही आत. ‘सात दिवस उघडायची नाही. उघडलीत तर जबाबदारी तुमची.’ गोळ्यांचं पाकीट कापलेलं, नावाचा भाग गायब. ‘कुत्र्यांचं खास औषध आहे.’ पावती मोबाइलवर येणार होती, ती आजतागायत आली नाही.

दोन दिवस बंड्या खरंच पळाला. दुखणं दबलं होतं, जखम मात्र प्रत्येक उडीला उलत होती. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, शी डांबरासारखी काळी, पट्टीला कुजका वास. फोनवर तो म्हणाला, ‘विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे.’ त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

धावतपळत डॉक्टरांकडे नेलं. पट्टी कापली तर बोटं सुजून मधल्या दोन नख्या एकमेकींपासून फाकलेल्या, कातडी पांढरी पडून सोललेली. कुत्र्याला पंजातून घाम येतो, ती ओल आतच कोंडली होती. पाकिटाच्या कडेला उरलेल्या अक्षरांवरून गोळी ओळखता आली: माणसांची आयबुप्रोफेन. तिने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. काळी शी म्हणजे आतला रक्तस्राव होता. बंड्या वाचला, पण थोडक्यात.

म्हणून कळकळीने सांगते, उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आधी मागा. नाव नसलेली गोळी कुत्र्याच्या तोंडात घालू नका. पट्टीबाहेर मधल्या दोन बोटांची टोकं दिसलीच पाहिजेत. ती सुजली, गार पडली, पट्टी ओली झाली किंवा वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि कुत्रा घरात बसत नाही ही अडचण खरी असली तरी तिला उपाय आहे. आम्ही जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याचं खाणं लपवायला लागलो. वीस मिनिटं हुंगून शोधलं की बंड्या दमून झोपतो. बाहेर फक्त शी-शूसाठी, आखूड पट्ट्यावर. गळ्यात प्लास्टिकचा शंकू, चाटू नये म्हणून.

मी तक्रार नोंदवली आहे. पण गेल्या आठवड्यात त्या जाहिरातीतला फोटो पुन्हा दिसला, खाली नवं नाव आणि तेच वाक्य: विश्रांती लागत नाही.