कीटोवर पेस्टो: बरणीतला, फ्रिजमधला आणि घरी वाटलेला

आमच्या घरी कीटो, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी असलेला आहार, नवऱ्याचा, पण लेबलं वाचायचं काम माझं. त्याची रोजची मर्यादा 20 ग्रॅम नेट कार्ब्ज, म्हणजे एकूण कर्बोदकांतून फायबर वजा करून उरतात ती. एवढ्याशा हिशेबात पेस्टो, म्हणजे बेझिल या तुळशीच्या जातीच्या पानांची तेल, चीज आणि सुकामेवा घालून वाटलेली इटालियन चटणी, बसतो का? बसतो, आणि छान बसतो. फक्त कुठला पेस्टो ते नीट बघून घ्यायला हवं, कारण एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

आधी काचेची बरणी, 190 ग्रॅमची, पास्ता सॉसच्या शेजारी फळीवर मिळते ती. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ऑलिव्ह तेलाचं नाव. मागे यादीत सगळ्यात आधी सूर्यफूल तेल, मग बेझिल, काजू, चीज, बटाट्याचे फ्लेक्स, साखर, आणि जवळजवळ तळाशी ऑलिव्ह तेल, 2 टक्के. पाइन नट्स, म्हणजे पाइनच्या झाडाच्या बिया, त्याच्याही खाली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे बरणीत खरं काय आहे ते ही यादीच सांगते. मला राग आला तो पुढच्या बाजूच्या त्या ठळक अक्षरांचा.

पण राग वेगळा आणि हिशेब वेगळा. सूर्यफूल तेलाने कीटो मोडत नाही. तेल कुठलंही असलं तरी त्यात कर्बोदकं शून्यच. कार्ब्ज येतात काजू, बटाटा आणि साखर यांतून. काजूत 100 ग्रॅममागे साधारण 27 ग्रॅम नेट कार्ब्ज असतात, पाइन नट्समध्ये 9-10, अक्रोडात 7 च्या आसपास. बटाट्याचे फ्लेक्स घालतात ते सॉसला दाटपणा यावा आणि तेल वेगळं सुटू नये म्हणून. या बरणीवर 100 ग्रॅममागे कर्बोदकं 9 ग्रॅम लिहिली होती, म्हणजे 30 ग्रॅम पेस्टोत 2.7. दिवसाच्या 20 मध्ये हे खपून जातं. अर्धी बरणी एका बैठकीत संपवली तर मात्र साडेआठ ग्रॅम तिथेच गेले.

इथे एक गोष्ट जरूर बघा. युरोपातल्या लेबलांवर कर्बोदकांच्या आकड्यातून फायबर आधीच वगळलेलं असतं. अमेरिकी लेबलांवर ते त्यात धरलेलं असतं. माझी बरणी युरोपातली होती, त्यामुळे ते 9 म्हणजे नेटच. त्यातून पुन्हा फायबर वजा केलं तर आकडा उगाच लहान दिसतो आणि दिवसाचा हिशेब चुकतो.

चवीला ही बरणी आंबटसर आणि खारट. तापवून बंद केल्यामुळे बेझिलचा रंग शेवाळी झालेला, वासही दबलेला. पाचपैकी अडीच.

दुकानातल्या फ्रिजमधल्या डब्याला मी चार देते. त्यात बेझिल पहिलं, तेल ऑलिव्हचं, साखर नाही, बटाटा नाही. काजू आहेत, पण थोडे. 100 ग्रॅममागे 5 ग्रॅम कर्बोदकं. झाकण उघडल्यावर बेझिलचा वास आला, आणि पेस्टो विकत घ्यायचा तो याच वासासाठी. उघडल्यावर चार-पाच दिवसांत संपवावा लागतो. वरून तेलाचा पातळ थर देऊन ठेवला की रंग टिकतो.

आता घरचा. पेस्टो मूळचा इटलीतल्या जेनोआचा, आणि तिथल्या कृतीत बेझिल, पाइन नट्स, लसूण, जाडं मीठ, पार्मेझान चीज, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज आणि ऑलिव्ह तेल यापलीकडे काही नसतं. कीटोसाठी यातलं काहीच बदलावं लागत नाही, हे मला फार आवडतं. मी 50 ग्रॅम बेझिलची पानं, 30 ग्रॅम पाइन नट्स, 50 ग्रॅम किसलेलं पार्मेझान, लसणाची एक पाकळी आणि 100 मिली तेल घेते. मुरलेल्या पार्मेझानमध्ये दुधातली साखर जवळजवळ उरलेलीच नसते. सगळं मिळून नेट कार्ब्ज पाचाच्या आत, आणि पेस्टो होतो 220 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे 30 ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा नाही.

वाटते खलबत्त्यात. आधी लसूण-मीठ, मग पाइन नट्स, मग पानं थोडी थोडी. बत्ता आपटायचा नाही, कडेने फिरवायचा. पानं चिरडून रस सुटतो आणि हिरवा रंग लख्ख राहतो. मिक्सरच लावायचा तर भांडं आधी फ्रिजमध्ये गार करा आणि थांबून थांबून फिरवा, कारण पात्याच्या उष्णतेने पानं काळवंडतात. पाइन नट्स महाग वाटले तर अक्रोड घाला. नेट कार्ब्ज उलट कमीच होतात, चव जराशी कडवट येते.

कीटोवाल्यांचा खरा अडसर पेस्टोखालचा पास्ता आहे. 100 ग्रॅम कोरड्या पास्त्यात सत्तरच्या वर कर्बोदकं, त्यापुढे पेस्टोची कसली मोजदाद! आमच्याकडे तो झुकिनीच्या लांब पट्ट्यांवर जातो. पट्ट्यांना मीठ लावून पाणी पिळून काढायचं, नाहीतर पेस्टो ताटभर वाहतो. भाजलेल्या माशावर, उकडलेल्या अंड्यावर, फ्लॉवरवरही सुरेख लागतो. गॅसवर शिजवू नका, गरम पदार्थ उतरवल्यावर वरून कालवा.

मोजताना वजनकाटा वापरा. सपाट टेबलस्पून साधारण 15 ग्रॅमचा, पण आपण चमचा शिगोशीग भरतो. कार्ब्ज कमी असले तरी घरच्या पेस्टोच्या एका चमच्यात ऐंशीच्या आसपास कॅलरी असतात; वजन उतरवायचं असेल तर त्याही मोजाव्या लागतात. फेफऱ्याच्या आजारासाठी मुलांना कीटो देतात, तिथे एकेक ग्रॅम आहारतज्ज्ञ ठरवून देतात. अशा घरात कुठलाही पेस्टो त्यांना लेबल दाखवूनच सुरू करावा.

सुकवलेल्या टोमॅटोच्या लाल पेस्टोच्या वाटेला मी जात नाही. त्या टोमॅटोत 100 ग्रॅममागे चाळीसच्या वर नेट कार्ब्ज असतात, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच लाल बरण्यांत वरून साखरही होती.