परफकिट बेंचमार्कर: एक आंबा हंगाम आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

देवगड-रत्नागिरी पट्ट्यातल्या बागायतदारांच्या हापूसच्या ऑर्डरी घेणारी यंत्रणा आम्ही सांभाळतो. खरा धंदा मार्च ते मे. त्या दिवसांत डेटाबेस रखडला, तर तयार पेट्या बागेतच पडून राहतात. म्हणून सर्व्हर निवडताना जाहिरातीतल्या आकड्यांवर विसंबायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. परफकिट बेंचमार्कर हे क्लाउडमधल्या, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचा वेग मोजणारं कमांड लाइनवरचं टूल गुगलने 2015 मध्ये ओपन सोर्स केलं. ते पायथनमध्ये लिहिलेलं आहे.

मला सर्वांत भावलं ते हे, की मशीन उभी करण्यापासून पाडण्यापर्यंत सगळं तेच करतं. त्यामुळे एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबई आणि अझूरचं (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) पुणे एकाच पद्धतीने मोजता येतं. निकाल जेसॉन फाइलीत पडतात आणि प्रत्येक आकड्याशेजारी एकक, मशीनचा प्रकार, झोन नोंदलेला असतो. महिन्यांनी फाइल उघडली तरी आकडा कुठला, हे शोधत बसावं लागत नाही.

खरा फायदा झाला तो डिस्कच्या चाचणीत. एडब्ल्यूएसच्या जीपी2 प्रकारच्या डिस्कला जीबीमागे 3 आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखनं) मिळतात, म्हणजे 100 जीबीला 300. पण साठलेल्या क्रेडिटवर (वापर कमी असताना जमलेली जादा वेगाची शिल्लक) ती 3000 पर्यंत पळते, आणि भरलेलं क्रेडिट साधारण अर्धा तास पुरतं. पाच मिनिटांच्या चाचणीत हे कळणारच नाही! इथे टूलचे टप्पे कामी आले. मशीन एकदाच उभी केली आणि त्याच रनचा (चाचणीच्या फेरीचा) आयडी देऊन फक्त ‘रन’ हा टप्पा लागोपाठ चालवला. सुरुवातीचे आकडे तीन हजारांच्या घरात, नंतर थेट तीनशेवर. हंगामात ऑर्डरींचा रेटा दिवसभर असतो, त्यामुळे आम्ही जीपी3 ही पुढच्या पिढीची डिस्क घेतली. तिथे डिस्क लहान असली तरी 3000 कायम मिळतात. एडब्ल्यूएसच्या टी3 प्रकारच्या मशीनच्या सीपीयूलाही असंच क्रेडिट असतं, तिथेही चाचणी लांबवाच.

कोकणातून वापरणाऱ्यांनी एक जपावं. जुलैत लाइट गेली, नेट तुटलं आणि लॅपटॉपवरचा रन मध्येच मेला, तर क्लाउडमधली मशीन चालूच राहतात आणि बिल वाढत जातं. रनचा आयडी देऊन साफसफाईचे टप्पे नंतर चालवता येतात, पण त्यापेक्षा मुंबई रीजनमध्येच एक छोटं मशीन घेऊन टीमक्समध्ये (नेट तुटलं तरी काम चालू ठेवणारं टूल) रन लावणं बरं.

सुरुवातीची जुळवाजुळव मात्र किचकट आहे. प्रत्येक क्लाउडचं स्वतःचं कमांड लाइन टूल आधी बसवून लॉगिन करावं लागतं. फ्लॅग (कमांडसोबत द्यायचे पर्याय) इतके आहेत की माहितीपत्रक अपुरं पडतं आणि शेवटी कोडच वाचावा लागतो. शिवाय हे टूल क्लाउडच्या आतला वेग मोजतं. वेंगुर्ल्याच्या बागेतल्या मोबाइलवर पान किती वेळात उघडतं, ते इथे कळत नाही. त्यासाठी आम्ही गावागावांतून एमटीआर हे नेटच्या वाटेतला उशीर मोजणारं टूल वेगळं चालवतो.

सध्या पोस्टग्रेस या डेटाबेसवर सिसबेंच ही वेगाची चाचणी लावली आहे. फेब्रुवारीआधी डेटाबेसचं मशीन नक्की करायचं आहे.