सर्ज ब्रेक किट: लोखंड दणकट, माहितीपत्रक भिकार

आधीच सांगून टाकतो, ट्रेलरला ब्रेक बसवायचं हे किट चांगलंय. पण बॉक्स फोडला, बोल्ट आवळले आणि निघालो असं हे काम नाही, आणि "ब्रेकच लागत नाहीत" म्हणून एक स्टार देऊन जे मोकळे झालेत त्यातल्या बऱ्याच जणांनी शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) अ‍ॅडजस्टच केले नसणार अशी मला दाट शंका आहे.

मी घेतलं ते ड्रमवालं, एका अ‍ॅक्सलपुरतं. कपलरसकट (गाडीला ट्रेलर अडकवायची जोडणी) अ‍ॅक्चुएटर, म्हणजे मास्टर सिलिंडर दाबणारा पुढचा भाग, १० इंची दोन फ्री-बॅकिंग (रिव्हर्सला सुटणारे) ब्रेक, स्टीलचे पाइप, रबरी होज, पितळी टी (पाइप दोन चाकांकडे फोडणारा जोड), क्लिपा. ब्रेक ऑइल आपलं आपण आणायचं, डॉट ३ किंवा डॉट ४. सिलिकॉनवालं डॉट ५ यात चुकूनही घालू नका, नंबर मोठा म्हणजे माल भारी असं इथे नसतं.

सिस्टीम तशी भोळी आहे. पुढच्या गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर स्वतःच्या वजनाने पुढे रेटतो, त्या रेट्याने कपलर आत सरकतो, रॉड मास्टर सिलिंडर दाबतो आणि ऑइलच्या प्रेशरने ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतो. गाडीत कंट्रोलर नको, कसली जोडणी नको, ट्रेलर जितका भरलेला तितका रेटा जास्त म्हणून ब्रेकही त्याच मानाने जोरात. बोटीच्या ट्रेलरवर हेच ब्रेक जास्त दिसतात, कारण जी चाकं पाण्यात बुडणार तिथे विजेची भानगड कोण घेणार.

आता बसवायचं. ऑर्डर करायच्या आधी अ‍ॅक्सलला ब्रेकची फ्लँज (ब्रेक बोल्टने बसवायची चकती) आहे का ते वाकून बघा, नसेल तर ती वेल्ड करून घ्यावी लागते आणि हे जाहिरातीत कुठेतरी बारीक अक्षरात असतं. बॅकिंग प्लेट (शू जिच्यावर बसतात ती मागची थाळी) डावी-उजवी वेगळी असते, फ्री-बॅकिंगमध्ये तर हे फार महत्त्वाचं, कारण रिव्हर्स घेताना ब्रेक सुटावा अशीच त्याची रचना आहे, मग बाजू उलटी झाली की पुढे जातानाच ब्रेक ढिले पडणार. माहितीपत्रकात याला एक ओळ दिलीय, तीही चित्राच्या खाली. पाइपची टोकं डबल फ्लेअर करून (कड पसरवून दुमडून) आलेली होती, हे बरं केलं, पण एक पाइप नको तितका लांब निघाला, तो वळवून चेसिसला क्लिपांनी नीट बांधला. अ‍ॅक्सल खालीवर होतो तिथे होजच पाहिजे आणि त्याला थोडी ढील पाहिजे, ताणून बसवला तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात तुटायला मोकळा.

खरा वेळ जातो तो एअर काढण्यात. अ‍ॅक्चुएटरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, ब्लीडरला (चाकामागचा एअर सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं आणि अ‍ॅक्चुएटरच्या खाचेत मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून रॉड हळूहळू पंप करायचा. मास्टर सिलिंडरची टाकी मध्येच रिकामी झाली की परत पहिल्यापासून, त्यामुळे मदतीला एक माणूस घ्याच, ज्याचं काम फक्त टाकीत ऑइल ओतत राहणं.

मग अ‍ॅडजस्टमेंट, जी लोक विसरतात. हे ब्रेक आपोआप अ‍ॅडजस्ट होत नाहीत. आधी बेअरिंगचा नट नीट करा, नाहीतर ड्रम डुगडुगतो आणि मग कशालाच अर्थ नाही. चाक जॅकवर उचलून मागच्या खाचेतून स्टार व्हील फिरवत शू टाइट करायचे, चाक हाताने फिरेनासं झालं की साधारण १० खाचा मागे. कंपनीचा आकडा वेगळा असेल तर तो पाळा. शू ढिले राहिले की मास्टर सिलिंडरचं निम्मं ऑइल नुसते शू ड्रमपर्यंत न्यायलाच खर्च होतं, कपलर पार आत जाऊन आपटतो आणि आपण म्हणतो अ‍ॅक्चुएटर फालतू.

ब्रेक मारताना किंवा गाडी पुढे निघताना ठक्क आवाज येत असेल तरी आधी ही अ‍ॅडजस्टमेंटच बघा, मग एअर, आणि त्यानंतर आतला डँपर. तो शॉक अ‍ॅब्झॉर्बरसारखाच असतो, झिजला की बदलायचा. एखादं चाक तापत असेल तर शू जास्त टाइट आहेत किंवा ब्रेकअवेची केबल (ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावणारी) कुठेतरी अडकून ओढली गेलीय. ती एकदा ओढली गेली की ब्रेक लागलेलेच राहतात, स्प्रिंग क्लिप उचलून मोकळे करावे लागतात. थोडं अंतर चालवून थांबा आणि दोन्ही हबजवळ हात नेऊन बघा, लगेच टेकवू नका. ऑइल कमी होतंय पण पाइप कोरडे आहेत? मग ड्रम उघडा, व्हील सिलिंडर आत गळत असणार, आणि ऑइलने भिजलेले शू पुसून परत लावायचे नाहीत, सरळ बदलायचे.

न आवडणारी गोष्ट किटची नाही, या प्रकाराचीच आहे. ट्रेलर डुलायला लागला तर फक्त त्याचाच ब्रेक मारता येत नाही, इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये ते जमतं. लांब उतारावर इंजिनाने गाडी आवरली तरी मागून ट्रेलर रेटतच असतो, म्हणजे त्याचे ब्रेक लागलेलेच आणि ड्रम गरम. घाटातच जास्त फिरणं असेल तर मी इलेक्ट्रिकच घ्या म्हणेन.

किटला पाचातले चार, एक कापला तो त्या माहितीपत्रकासाठी. आणि पुढे कधी डिस्क लावायचा विचार असेल तर आत्ताच विक्रेत्याला विचारून ठेवा, कारण ड्रमच्या अ‍ॅक्चुएटरमध्ये लाइनीत थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, डिस्कला तो चालत नाही, पॅड घासत राहतात. शिवाय डिस्क आल्या की रिव्हर्ससाठी सोलेनॉइड आणि रिव्हर्स लाइटची वायर पण आलीच.