फर्नेसचा जुना ब्लोअर गॅरेजात पंखा म्हणून : उन्हाळाभर वापरल्यानंतर

इथे मिशिगनमध्ये फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी भट्टी, बदलली की जुनी सरळ भंगारात जाते. शेजाऱ्यांची बदलली तेव्हा तिच्यातला ब्लोअर मी मागून घेतला. पत्र्याच्या खोक्यात पिंजऱ्यासारखं चाक, अर्ध्या एचपीची ११५ व्होल्टची मोटर, मिनिटाला १०७५ फेरे. मे महिन्यापासून तो सुतारकामाच्या टेबलाशेजारी आहे. दुकानातून आणलेला पेडेस्टल फॅन आता मी बाहेर काढतच नाही.

मोटर कुठली आहे ते आधी बघा. माझी साधी, कपॅसिटरवाली. अमेरिकेत जुलै २०१९ पासून फर्नेसच्या पंख्यांना वीजवापराचे कडक नियम लागू झाले, त्यामुळे नंतरच्या फर्नेसमध्ये बहुतेक इलेक्ट्रॉनिक मोटर असते. तिला फर्नेसच्या कंट्रोल बोर्डाकडून सिग्नल लागतो, नुसती वीज दिली तर ती हलत नाही.

माझ्या मोटरीची पांढरी वायर न्यूट्रल, काळी सर्वात जोरात, निळी मध्यम, लाल हळू आणि दोन तपकिरी कपॅसिटरच्या. रंग कंपनीगणिक बदलतात, तेव्हा मोटरीवरची आकृतीच खरी. फेज एका वेळी एकाच स्पीडला द्यायचा. दोन वायरींना एकदम दिला तर वाइंडिंग जळतं. उरलेल्या वायरीही मोटर फिरताना जिवंत असतात, त्यांच्यावर पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेजसुद्धा येऊ शकतं. म्हणून प्रत्येकीच्या टोकाला स्वतंत्र प्लॅस्टिकची टोपी, एकत्र पिळायच्या नाहीत. हिरवी अर्थिंगची वायर मोटरीच्या अंगाला आणि पत्र्याला, दोन्हीकडे घट्ट. कपॅसिटर त्याच मापाचा नवा घातला. रोटरी स्विचने स्पीड बदलतो. दिव्याचा डिमर या मोटरीला लावू नका.

आता सर्वात महत्त्वाचं. हा ब्लोअर फर्नेसमध्ये फिल्टर आणि डक्टमधून, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांतून, हवा ढकलायला बनवलेला असतो. मोकळा चालवला की हवा जास्त वाहते आणि मोटरीवरचा भार वाढतो. मोटरीच्या प्लेटवर ७.६ अँपिअर लिहिलेलं, पण क्लॅम्प मीटर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा) मोकळ्या ब्लोअरवर ८ च्या वर दाखवत होता. ब्लोअरच्या तोंडावर हात आडवा धरला की आकडा उतरायचा. अनेकांना हे उलटं वाटतं, पण या चाकाचा स्वभावच तसा आहे. हवा घेण्याच्या दोन्ही बाजूंना फर्नेसचेच फिल्टर बसवले आणि करंट ७ च्या खाली आला. शिवाय भुसा अडतो, मोटर स्वच्छ राहते, बोटंही चाकापासून लांब राहतात. मीटरशिवाय हे काम करूच नये असं माझं ठाम मत आहे.

इतक्या महिन्यांत मोटर कोमट राहते, कडक तापत नाही. लाल वायरीवर आवाज इतका कमी की रेडिओ ऐकू येतो. काळीवर मात्र बोलताना आवाज चढवावा लागतो. फिल्टर महिन्याभरात भुशाने भरतो, तो खर्च धरा. ब्लोअर वीजही जास्त खातो.

मोटर तापून आपोआप बंद पडली तर थंड झाल्यावर आपोआपच सुरू होते, त्यामुळे प्लग काढल्याशिवाय आत हात नको. थिनर किंवा पेट्रोलची वाफ असेल तिथे अजिबात लावू नका, स्विचची ठिणगी पुरेशी असते. भारतात इथली मोटर नेऊन २३० व्होल्टवर जोडायचा विचारही नको. तिथे डक्टवाल्या एसीचा जुना ब्लोअर मिळाला तर प्लेटवरचं व्होल्टेज वाचून तोच घ्या.